बाईमाणसाची काळजी

"बाईमाणूस आहे, तिला आधी बसू द्या" हे वाक्य आपल्याकडे कोणी रागाने म्हणत नाही. म्हणणारा गृहस्थ बहुधा सज्जन असतो आणि जिच्यासाठी जागा होते त्या भगिनीलाही त्यात वावगे वाटत नाही. मलाही वाटत नाही. देहूरोडपासून पुण्यापर्यंत लोकलमध्ये उभ्याने जाण्याची मला मुळीच हौस नाही. तथापि या सौजन्यालाही एक इतिहास आहे. आपण ज्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो, तेथे तो फार जवळून भेटतो.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा 1881 साली झाला, तो मुख्यतः मुलांपुरता होता. 1891 च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले व त्यांच्या रात्रीच्या कामावरही बंधन घातले. त्यामागे कळवळा होता, तसाच लँकेशायरच्या गिरणीमालकांचा मत्सरही होता. येथील स्वस्त मजुरी त्यांच्या डोळ्यांत सलत होती. पुढे स्वतंत्र भारताचा 1948 चा कायदा आला. त्याच्या 66 व्या कलमाने सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्याच वेळात स्त्रियांना कारखान्यात काम करण्याची मुभा ठेवली. 22 वे कलम तर वाचण्यासारखे आहे. शक्ती पुरवणाऱ्या यंत्राचा चालता भाग पुसणे, त्याला तेल घालणे हे काम स्त्रिया व अल्पवयीन मुले यांना देऊ नये, असे ते सांगत असे. चार लेकरांची आई आणि सतरा वर्षांचा पोर एकाच ओळीत! चालते यंत्र हात ओढून घेताना तो बाईचा की पुरुषाचा हे पाहत नाही. मग धोका खरा असेल तर पुरुषाचा हात तरी त्यात का घालू द्यावा, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. रीळ आणि वाइंडिंग खात्यांत त्यांचीच वस्ती असे आणि त्यांच्यावर देखरेख करणारी नाईकीणही बाईच असे. नवी यंत्रे आली, रात्रपाळ्या सुरू झाल्या, तशी मालकाला बाई अडचणीची वाटू लागली. पुढील काही दशकांत त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. त्यांना कोणी हाकलले असे म्हणता येणार नाही. त्यांची काळजी घेतली गेली, एवढेच.

ही काळजी किती पक्की असते, ते कोळशाच्या खाणींनी दाखवले. जमिनीखालच्या कामाला स्त्रियांना बंदी होती. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच 1943 साली ती उठवली गेली आणि युद्ध संपल्यावर 1946 मध्ये पुन्हा घातली गेली. मधल्या तीन वर्षांत स्त्रीचा देह काही लोखंडाचा झाला नव्हता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. बंदी उठवल्याबद्दल विधिमंडळात टीका झाली, तेव्हा या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, ही बाब त्यांनी आवर्जून पुढे मांडली. याच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता, आणि 25 डिसेंबर 1954 रोजी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, हे येथील भगिनींना सांगावयास नकोच. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. प्रसूतीच्या रजेत बाईची नोकरी टिकते आणि हातात पैसे पडतात. रात्रीच्या बंदीत पाळी जाते, तिच्याबरोबर भत्ताही जातो, आणि वर आभार मानावयाचे असतात.

आता आपल्या दाराशी येऊ. 1974 साली पिंपरीच्या टेल्को कारखान्यासाठी अभियंते हवे होते. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये लागलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी तळटीप होती. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती यांनी, थेट जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड धाडले. तिला पुण्यास मुलाखतीला बोलावणे आले आणि त्या कंपनीत ती पहिली स्त्री अभियंता झाली. टाटा स्त्रीद्वेष्टे नव्हते, हे कोणीही मान्य करील. माझ्या मते असली तळटीप लिहावयास द्वेष लागतच नाही. कारखान्याची जागा बाईला योग्य नाही, एवढी भलेपणाची समजूत पुरते. त्याच पिंपरीत 2022 साली सुमारे 1500 स्त्रियांची एक सबंध जोडणी शाखा मोटारी तयार करू लागली होती. मधे अठ्ठेचाळीस वर्षे गेली.

पाश्चात्य मानसशास्त्रज्ञ ग्लिक आणि फिस्क यांनी 1996 साली या भलेपणाला शास्त्रीय नाव दिले व मग एकोणीस देशांत त्याची पाहणी केली. ज्या देशांत स्त्रियांविषयी उघड आकस अधिक, तेथेच त्यांना जपण्याची, मखरात बसवण्याची भाषाही अधिक, असे त्यांना आढळले. आपल्याकडील समारंभांतून पाहुणे स्त्रीला लक्ष्मी म्हणतात, तेव्हा मला ही पाहणी आठवते. लक्ष्मीला पगारवाढ विचारता येत नाही.

रात्रपाळीची बंदी मद्रास उच्च न्यायालयाने 2000 साली घटनाविरोधी ठरवली. भीती मात्र खोटी नव्हती. 2007 साली आपल्या शेजारच्या गहुंजे शिवारात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा खून झाला, आणि तिला न्यावयास आलेली गाडी कंपनीनेच ठरवलेली होती. गाडी द्यावी हे सौजन्य मानले, की चालक कोण, त्याच्याबरोबर कोण बसले आहे, गाडी कोणत्या रस्त्याने जाते, हे विचारणे उद्धटपणाचे वाटू लागते. ती कामाची अट मानली, तर विचारता येते. संसदेने 2020 साली मंजूर केलेल्या कामगार संहितेत स्त्रीला रात्री काम करण्याची मुभा आहे, पण तिच्या संमतीने, आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर ठेवून. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपल्यापैकी रात्रपाळीच्या भगिनींनी गाडीचा रस्ता आणि चालकाचे नाव जरूर विचारून घ्यावे.