बहात्तर हजार श्लोक आणि एक शब्द

माहितीचा पूर आलाय, असं आजकाल जो तो म्हणतो. मोबाईल हातात आला आणि पूर आला, असा सगळ्यांचा समज. मला तो अर्धाच खरा वाटतो. सांगणारे फार, ऐकण्यासारखं फार आणि करायला आयुष्य थोडं, ही अडचण जुनीच आहे. आपल्या जैन समाजाला तर ती दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. तिच्यातून वाट काढणारी माणसंही आपल्यात होऊन गेली. त्यांत एक बाई आहे, आणि ती आपल्या मिरजेची आहे. तिचं नाव आपल्यातल्या फार थोड्याजणींनी ऐकलं असेल. म्हणून हा सगळा इतिहास एकदा सरळ सांगावा म्हणते.

महावीरस्वामींचा उपदेश आधी लिहिलेला नव्हता. गुरूने सांगायचा आणि शिष्याने पाठ करायचा. बारा अंगांचं एवढं मोठं श्रुतज्ञान डोक्यात धरून ठेवणारे मुनी पिढ्यान्‌पिढ्या कमी होत गेले. वीरनिर्वाणानंतर ६८३ वर्षांपर्यंतची आचार्यांची परंपरा सांगतात, तोवर पूर्ण अंगं जाणणारं कोणी उरलं नव्हतं, थोडा थोडा अंशच शिल्लक होता. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेन आचार्यांजवळ असा एक अंश होता. वय झालेलं. आपण गेलो की हेही गेलं, ही चिंता त्यांना लागली. त्यांनी दक्षिणेकडच्या मुनिसंघाला पत्र पाठवलं आणि तिकडून दोन तरुण मुनी आले.

आता धरसेनांनी काय केलं ते बघा. आल्या आल्या शिकवायला बसले नाहीत. त्यांनी दोघांना एकेक मंत्र दिला आणि साधना करायला सांगितलं. परंपरेतली गोष्ट अशी की, साधना झाल्यावर दोघांसमोर दोन देवता उभ्या राहिल्या. एकीचे दात बाहेर आलेले आणि दुसरी एका डोळ्याची. देवता अशा विद्रूप नसतात, मग मंत्रातच काही चुकलं असणार, असा विचार दोघांनी केला आणि मंत्र तपासला. एकात एक अक्षर जास्त होतं, दुसऱ्यात एक कमी. त्यांनी ते दुरुस्त केलं, पुन्हा साधना केली, तेव्हा देवता आपल्या खऱ्या रूपात दिसल्या. धरसेनांनी मग त्यांना शिकवायला घेतलं. हेच ते पुष्पदंत आणि भूतबली.

ही गोष्ट चमत्काराची म्हणून सोडून देऊ नका. तिच्यात एक फार व्यवहारी शहाणपण आहे. कमी माहितीने नुकसान होतं हे सगळ्यांना कळतं, एक डोळा नसला की कुणालाही दिसतं. पण जास्तीच्या अक्षरानेही रूप बिघडतं, हे आपल्या लक्षात येत नाही. धरसेनांना पाठांतर करणारे शिष्य नकोच होते. आलेलं तपासून, जास्तीचं काढून टाकणारे हवे होते.

पुष्पदंतांनी १७७ सूत्रं लिहिली आणि ती भूतबलींकडे पाठवली. पुढचं काम भूतबलींनी पुरं केलं. तोच षट्खंडागम. जेठ शुद्ध पंचमीला त्याची पूजा झाली, म्हणून आपण श्रुतपंचमी पाळतो. ऐकीव ज्ञान त्या दिवशी पानावर उतरलं.

पण पानावर उतरलं म्हणून प्रश्न सुटला असं नाही. पुढे टीका आल्या. नवव्या शतकात वीरसेन आचार्यांनी ‘धवला’ टीका लिहिली. ती ७२,००० श्लोकांएवढी आहे. श्लोक म्हणजे ३२ अक्षरं धरतात. हिशेब केला तर २३ लाखांवर अक्षरं होतात. ताडपत्रावर हाताने लिहिलेली! एवढं वाचायला कोणाला सवड? आणि वाचून समजायला कोणाची ताकद?

दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी यावर उपाय केला. गंगराजांचा मंत्री चामुंडराय, ज्याने श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती करवली आणि जिच्या पायाशी मराठी अक्षरं कोरलेली आहेत, तो त्यांचा भक्त. राज्यकारभार आणि लढाया सांभाळणारा माणूस. त्याच्यासाठी नेमिचंद्रांनी त्या अथांग सिद्धांताचा सार काढून ‘गोम्मटसार’ रचला, अशी परंपरा आहे. नेमिचंद्रांच्याच नावावर ‘द्रव्यसंग्रह’ आहे, तो अवघ्या ५८ गाथांचा. आपल्या पाठशाळेत मुली तो आठ-दहा वर्षांच्या असताना पाठ करतात. कुठे ७२,००० श्लोक आणि कुठे ५८ गाथा! सार काढताना ज्ञानाचा अपमान होतो असं त्यांना वाटलं नाही. कामात बुडालेल्या माणसाला ते झेपावं, हीच त्यांची काळजी होती.

गंमत बघा, सार घरोघरी गेला आणि मूळ मात्र कुलपात राहिलं. धवलेची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीच्या बसदीत होती. लिपी जुनी कन्नड. यात्रेकरू जायचे, लांबून दर्शन घ्यायचे, नमस्कार करून परत यायचे. ज्ञानाची पूजा होत होती, वाचन होत नव्हतं. शेकडो वर्षं अशी गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद (महिलारत्न मगनबाईंचे वडील) मूडबिद्रीला यात्रेला गेले. ग्रंथांची जीर्ण अवस्था पाहून त्यांना राहवेना. त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांना ते सांगितलं. ‘जैन बोधक’ काढणारे ते हेच. दोघांच्या खटपटीने ग्रंथांच्या नकला करण्याचं काम १८९६ च्या सुमाराला सुरू झालं. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्ये हे त्या कामाला बसले. सगळे सिद्धांतग्रंथ उतरवून व्हायला १९२२ साल उजाडलं. म्हणजे सव्वीस वर्षं!

नकला झाल्या, तरी त्या मूडबिद्रीबाहेर न्यायच्या नाहीत अशी तिथल्या मंडळींची अट. म्हणजे एका कुलपातलं दुसऱ्या कुलपात. इथे आपली बाई येते. गजपती उपाध्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या शिकलेल्या होत्या. दिवसा काम चालायचं ते चालायचं, पण या दोघा नवरा-बायकोंनी गुपचूप धवलेची आणखी एक कन्नड नक्कल उतरवली. हीच नक्कल पुढे सहारनपूरला गेली. तिथे तिच्यावरून नागरी नक्कल झाली, आणि तिच्यावरून आणखी नकला होत होत आरा, कारंजा, अमरावती अशा गावी पोचल्या. अमरावतीच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी या नकलांवरून काम सुरू केलं आणि १९३९ साली धवलेचा पहिला भाग छापून बाहेर आला. संपादनात त्यांना आपल्या सदलग्याचे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलेच, डॉ. आ. ने. उपाध्ये यांची मदत होती. पुढची वीस वर्षं काम चालून १६ भाग झाले.

लक्ष्मीबाईंचा फोटो कुठे माझ्या पाहण्यात नाही. त्यांची आठवण राहिली ती हिरालालजींनी इतिहास लिहिताना त्यांचं नाव घातलं म्हणून. मला त्यांचं वाटतं ते असं: त्या काळी समाजाच्या सभांतून शास्त्रोद्धारावर भाषणं होत होती, पत्रकं निघत होती, वर्गण्या गोळा होत होत्या. या बाईने काय केलं? घरचं सगळं आवरून पान समोर घेतलं आणि आपल्या हाताने ते उतरवलं. मग दुसरं पान. त्या दोघांचे हात चालले नसते तर धवला आपल्यापर्यंत यायला आणखी किती वर्षं लागली असती, कोण जाणे.

आता त्या एका शब्दाची गोष्ट. पहिल्या भागातलं ९३ वं सूत्र स्त्रियांविषयी आहे, मनुष्यिणींविषयी. मनुष्यिणी कोणकोणत्या गुणस्थानांत असतात त्याची ती यादी. जवळच्या नकलांत ती ‘संजदासंजद’ म्हणजे श्राविकेच्या अणुव्रतांच्या पायरीवर थांबत होती. पुढचा ‘संजद’ हा शब्द, म्हणजे पूर्ण संयमाची पायरी, नव्हता. पण संपादक टीका वाचत होते आणि टीकेचा सगळा रोख हा शब्द असल्यासारखा होता. इथे एक शब्द राहिलेला दिसतो, असं त्यांनी खाली टीप देऊन नोंदवलं. झालं, समाजात वादळ उठलं. स्त्रीला एवढी पायरी द्यायची म्हणजे काय! पंडितांचे लेख, उत्तरं, प्रत्युत्तरं, सभा. कागदांचे ढीग पडले. शब्द शरीराने स्त्री असलेल्याला लागतो की भावाने, हा वाद तर आजही शास्त्री मंडळींत आहे आणि तो मिटवायला मी बसलेली नाही.

मला यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. हा वाद आणखी शंभर लेखांनी मिटणार नव्हता. प्रश्न एकच होता: मूळ पानावर काय आहे? मूडबिद्रीच्या ताडपत्रांत ते सूत्र पाहिलं गेलं. तिथे ‘संजद’ शब्द होता. नकला करताना तो कुठेतरी गळला होता. एक डोळा गेलेल्या देवतेसारखंच हे. आणि तो गळलेला शब्द आपल्याविषयीचा, बायकांविषयीचा होता.

७२,००० श्लोकांच्या ढिगातून एक सूत्र, एक शब्द, एक प्रश्न. आणि तो प्रश्न घेऊन मुळाशी जाणं. एवढं केलं की काम होतं.

हे मी नुसतं ग्रंथांबद्दल बोलत नाही. माझ्या नात्यातल्या एका वैनींना मागे स्तनात गाठ लागली. घरच्या ग्रुपवर त्यांनी भीत भीत सांगितलं. मग काय, पूर! कुणी काढा सांगितला, कुणी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, कुणी साध्या गाठीची, कुणी कॅन्सरची लक्षणं. आठवडा गेला. वैनी रात्र रात्र तेच वाचत होत्या आणि जास्तच घाबरत होत्या. शेवटी त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी फोन करून एवढंच विचारलं, “अक्का, उद्या सकाळी दहाला मी येते, आपण डॉक्टरीणबाईंकडे जायचं. येताय नव्हं?” गेल्या. तपासणी झाली, पुढचे उपचार वेळेवर सुरू झाले, आज वैनी बऱ्या आहेत. आठवडाभर सगळे प्रेमानेच पाठवत होते. पण त्या पाठवण्यात ‘कोण, कधी, कुठे’ नव्हतं. जाऊबाईंच्या एका वाक्यात ते तिन्ही होतं.

आपल्या श्रावकाचारात हे ‘कोण, कधी, कुठे’ फार पूर्वी बसवलेलं आहे. समंतभद्र आचार्यांचा ‘रत्नकरंड’ १५० श्लोकांचा. त्यात देशावकाशिक व्रत सांगितलंय. आयुष्यभराची मर्यादा घेतलेली असली तरी ती रोजच्यासाठी आणखी आखडायची. जागेची हद्द सांगायची: घर, गल्ली, गाव, शेत, नदी. आणि काळाचीही सांगायची: पंधरवडा, महिना, चातुर्मास. आज एवढ्याच हद्दीत, एवढ्याच वेळेपुरतं. आपल्या आज्या सकाळी नियम घ्यायच्या ते याच वळणाचे. आम्हाला लहानपणी वाटायचं, हे काय बंधन! आता कळतं की हद्द आखली की मन हद्दीच्या आतल्या कामाला लागतं.

त्याच ग्रंथात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, म्हणजे कारण नसताना ओढवून घेतलेली पापं. त्यातला एक ‘दुःश्रुती’: मन गढूळ करणारं ऐकत बसणं. दुसरा ‘प्रमादचर्या’: कामाशिवाय पाणी सांडत, माती उकरत, इकडेतिकडे हिंडत राहणं. रात्री अकरा वाजता बोटाने पडदा वर सरकवत बसलेल्या बाईला ही दोन्ही नावं जुन्या पोथीतली वाटतील का? मला तर आजचीच वाटतात.

म्हणून आमच्या मंडळात आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. सोमवारी बस्तीत जमल्यावर प्रत्येकीने एकच प्रश्न सांगायचा, तोही आपल्या घरातला किंवा गल्लीतला. मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, सासूबाईंची पेन्शन, विधवा शेजारणीचं रेशनकार्ड, काहीही. त्याची माहिती एकाच खात्रीच्या जागी जाऊन विचारायची, कार्यालय असेल तर कार्यालयात, डॉक्टर असेल तर डॉक्टरकडे. वहीत आपल्या हाताने चार ओळी लिहायच्या. आणि पुढच्या सोमवारी सांगायचं ते काय वाचलं ते नाही, काय केलं ते. ज्या आठवड्यात काही केलं नाही त्या आठवड्यात गप्प बसायचं. वह्या फार भरत नाहीत. पण गेल्या चातुर्मासात तीन रेशनकार्डं झाली आणि दोन मुली कॉलेजात गेल्या.

येत्या श्रुतपंचमीला आपण कपाटातली शास्त्रं काढू, झाडू, नवीन वेष्टनं घालू, आरती करू. ते करावंच. पण त्या दिवशी प्रत्येकीने त्यातलं एक पान उघडावं, एक ओळ आपल्या हाताने उतरवून घ्यावी, तिचा अर्थ जाणत्याला विचारावा, आणि त्या ओळीतून आपल्याला त्या आठवड्यात करता येईल असं एक काम ठरवावं. लक्ष्मीबाईंनीही एका वेळी एकच पान लिहिलं होतं.