दात खोटे बोलत नाहीत

आपली हाडे आयुष्यभर झिजतात आणि पुन्हा भरून निघतात. दातावरच्या कवचाचे, म्हणजे इनॅमलचे, तसे नसते. ते लहानपणी एकदाच तयार होते. त्यामुळे त्या वयात खाल्लेल्या अन्नाची रासायनिक खूण त्यात राहून जाते, कधी कधी लाखो वर्षे!

१९५९ मध्ये मेरी लीकी यांना टांझानियातील ओल्डुवाई येथे सुमारे १७.५ लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. या नामशेष मानवसदृश प्रजातीला आज पॅरान्थ्रोपस बॉइसी म्हणतात. दाढा प्रचंड, इनॅमल जाड. हा प्राणी कठीण कवचाची फळे फोडून खात असणार असे वाटले आणि ‘नटक्रॅकर मॅन’ हे टोपणनाव पडले.

खरे काय ते कार्बनने सांगितले. कार्बन-१३ हा कार्बनचा जरा जड प्रकार. उष्ण प्रदेशातील गवतांत, आपल्या ज्वारी, बाजरी, उसातही, तो झाडाझुडपांपेक्षा जास्त असतो. २०११ मध्ये थ्युर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी केनियात सापडलेल्या २२ जणांचे दात तपासले. सरासरी ७७ टक्के आहार गवत किंवा लव्हाळ्यासारख्या वनस्पतींचा निघाला! म्हणजे त्या दाढा फोडण्यापेक्षा दिवसभर रवंथ केल्यासारखे चघळण्यासाठी असाव्यात.

दाताच्या आकारावरून काय खाता आले असते एवढेच कळते. प्रत्यक्षात काय खाल्ले ते रसायनशास्त्र सांगते.

आणि आपल्यासाठी? गेलेले इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही. मुलांचे कायमचे दात हिरडीच्या आत पहिल्या काही वर्षांतच घडत असतात. त्या वयातला आहार म्हणूनच महत्त्वाचा.