सरकलेल्या विहिरी आणि एव्हरेस्टसाहेब

तर झालं असं. अकोल्याच्या एका मित्रासाठी खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचा नकाशा करायला बसलो होतो. गावांच्या शिवांची फाईल एकाकडून आलेली, विहिरींच्या जागा आम्ही जीपीएसवर टिपलेल्या. दोन्ही थर एकावर एक ठेवले आणि बघतो तर काय, शिवेलगतच्या विहिरी शेजारच्या गावात! सगळंच साधारण दीडशे मीटर सरकलेलं. आधी वाटलं, माझ्याच कोडमध्ये बग आहे. पण नव्हता. शिवा जुन्या नकाशावरून, एव्हरेस्टच्या मापाने काढलेल्या होत्या. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ वर. फाईल देणाऱ्याने हे एवढंच सांगितलं नव्हतं.

हा एव्हरेस्ट म्हणजे शिखराला ज्याचं नाव दिलं तोच, जॉर्ज. आणि गंमत म्हणजे त्याच्या मापाची मुळं आपल्या वऱ्हाडात आहेत.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजणी सुरू केली. एक पायारेषा साखळीने मोजायची, मग नुसते कोन मोजत त्रिकोणांची माळ उत्तरेकडे न्यायची. ही माळ बीदरजवळच्या दामरगिड्यावरून पूर्णेच्या खोऱ्यात, एलिचपूरच्या (आजचं अचलपूर) बाजूला आली. तिथल्या ठाण्याचं नाव इंग्रजी कागदांत 'टाकल खेरा' असं येतं. जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारला. पुढचं काम एव्हरेस्टने उचललं आणि माळ मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत नेली.

या मोजणीतून १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचं एक गणित निघालं. त्यातली विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३७७.२८ किलोमीटर, डब्ल्यूजीएस-८४ ची ६३७८.१४. शिवाय पृथ्वीचं केंद्रही दोघांनी वेगळ्या जागी धरलेलं. म्हणून आपल्याकडे तोच अक्षांश-रेखांश जमिनीवर शे-दीडशे मीटर इकडेतिकडे जातो.

पण मला खरी भावली ती दुसरी गोष्ट. एव्हरेस्टने १८३० च्या ग्रंथात नुसतं उत्तर छापलं नाही; कोन, पायारेषा, आकडेमोड सगळं मांडलं. पुढे चांगली उपकरणं आल्यावर कल्याणपूर ते बीदर हाच पट्टा पुन्हा मोजला गेला, आणि १८४७ मध्ये तेही छापलं. आपलंच काम तपासायला त्याच्याकडे आपलीच वही होती.

आपण नंतर उलट केलं. टोपोशीट कुलपात गेले. २००५ च्या नकाशा धोरणाने लोकांसाठी डब्ल्यूजीएस-८४ वरची वेगळी मालिका आणली, तरी परवानग्यांची कटकट होतीच. १५ फेब्रुवारी २०२१ ला बरीच बंधनं उठली. कुलूप निघालं, पण सवय राहिली: फाईल द्यायची, तिची जन्मकथा नाही द्यायची.

दीडशे मीटर म्हणजे काय मोठंसं, असं शहरात वाटेल. पण मदतीची यादी गावावार निघाली, तर खाऱ्या पाण्याची विहीर भलत्याच गावाच्या नावावर चढायला तेवढे पुरतात.

असो. मी आता प्रत्येक फाईलसोबत चार ओळी लिहून देतो: कोणी मोजलं, कधी, कशाने, कुठल्या डेटमवर. पाच मिनिटं लागतात. तुम्हीही देत जा राव.