दुकानाची बाटली

परवा माझा पुतण्या जपानहून आला. नोकरी नागोयाला. पिशवीतून त्याने एक मातीचं भांडं काढलं. फुगीर पोट, बारीक मान, करडी-पांढरी झिलई आणि पोटावर कुंचल्याने ओढलेली काळी अक्षरं. "काका, जुनी आहे. साकेची." साके म्हणजे तांदळाची दारू, हे कळल्याबरोबर सौ.ने बाटली देवघरापासून लांब, माळ्यावर टाकली. वैजनाथाच्या गावात हे चालायचंच!

मी पडलो इतिहासाचा मास्तर. पुतण्याला खोदून खोदून विचारलं, थोडं वाचलंही.

अशा बाटलीला तिकडे तोक्कुरी म्हणतात. आपल्या लोणच्याच्या बरणीचीच ही बहीण. आपला माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. पण दारू नि लोणचं पाझरून कसं चालेल? म्हणून बाराशे अंशांच्या वर भाजतात, मग माती दगडासारखी होते. वरची झिलई लाकडाची राख नि माती कालवून करतात, भट्टीत तिची काच होते. (राख म्हटलं की आम्हा परळीकरांना आधी औष्णिक केंद्र आठवतं. पण ती राख कोळशाची.)

खरी गंमत अक्षरांत आहे. ते दुकानाचं नाव! एदो काळात, म्हणजे १८६८ च्या आधी, तिथले दुकानदार आपल्या नावाची बाटली भरून गिऱ्हाइकाला देत. बाटली दुकानाचीच, रिकामी झाली की परत आणायची, पुन्हा भरून न्यायची. हिशेब वहीत. म्हणून नाव 'कायोई-दोक्कुरी', ये-जा करणारी बाटली. दुसरं नाव 'बिन्बो-दोक्कुरी', म्हणजे गरिबाची बाटली. मेइजी काळात नागोयाजवळच्या ताजिमी भागात या ढिगाने होत. १९०१ साली एका साके कंपनीने १.८ लिटरची काचेची बाटली काढली, आणि हळूहळू मातीची मागे पडली.

हे वाचताना मला आमची रॉकेलची बाटली आठवली. गळ्याला सुतळी बांधलेली. वडील गेल्यावर दोन वर्षं आमचं सगळं उधारीवर चाले. आई सांगायची, "मागच्या बोळानं जा." बाटली घरची होती, तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं, तरी मला वाटे की सगळी गल्ली वाचतेय. पहिल्या पगारातून मी ती उधारी फेडली. दुकानदाराने वहीतल्या पानावर आडवी रेघ मारली, आणि चहा पाजला.

त्या जपानी पोराच्या हातातल्या बाटलीवर तर दुकानाचं नाव एवढं मोठं! कोणत्या बोळाने जात असेल तो?

आणि एक गोष्ट काल रात्री लक्षात आली. बाटली दुकानाची, परत द्यायची. मग ही आमच्या माळ्यावर कशी? म्हणजे कुणीतरी ती दिलीच नाही. पैसे राहिले असतील, की माणूसच राहिला नसेल...

आज सकाळी पाहतो तर सौ.ने बाटली चिंचेने घासून उन्हात उपडी घातलेली. म्हणाली, "करडईचं तेल ठेवीन म्हणते."