गाळलेलं पाणी आणि नारू

आपल्या घरांत पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय माठात पडत नाही. कारण विचारलं तर उत्तर एकच: पाण्यात जीव असतात, ते पोटात जाऊन मरू नयेत. यात आपल्या तब्येतीचा विचार नव्हता. तरी याच फडक्यानं एका रोगाशी दोन हात केले. तो रोग म्हणजे नारू.

नारूचा कृमी पायातून बाहेर यायचा, चांगला दोन हात लांब. ना औषध, ना लस. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला की पाय सुजलाच. आग थांबावी म्हणून माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवी आणि कृमी तिथं हजारो पिल्लं सोडी. ती सायक्लॉप्स नावाचा बारीक जलकिडा खाई आणि तो किडा पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जाई. हे कोडं रशियाच्या फेदचेन्को यांनी १८७० मध्ये उलगडलं.

आपल्याकडे निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. तेव्हा देशात सुमारे ४०,००० रुग्ण होते. महाराष्ट्र आणि आमचं मध्य प्रदेश, दोन्ही त्या यादीत. गावोगाव गाळणी वाटली, विहिरींत औषध टाकलं, पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त ठरवला.

सायक्लॉप्स फडक्यात अडकतो, हे खरं. पण फडक्यावरची जिवाणी आपण धर्माप्रमाणे त्याच विहिरीत परत सोडतो. म्हणजे आपला माठ वाचला, विहीर होती तशीच राहिली. नारू हटला तो सगळ्या गावाची विहीर सुधारली तेव्हा.

आज मंडीदीपसारख्या कारखान्यांच्या गावात एकेका नळावर कितीतरी खोल्या पाणी भरतात. दाट वस्तीत नळ बंद असला की फुटक्या पाइपात शेजारच्या गटाराचं पाणी शिरतं. त्यातून येणारे अमिबा आणि जिआर्डिया इतके सूक्ष्म, की फडक्यातून सरळ पार होतात. ते उकळल्यानं मरतात. आपले साधू-साध्वी उकळलेलंच पाणी घेतात. घरातही तेच बरं.

पण गॅस जपून वापरणाऱ्या मजुराच्या बायकोनं रोज हंडाभर पाणी कसं उकळायचं? तिच्यासाठी पाइपच दुरुस्त व्हायला हवा. पाण्यातल्या जिवाची काळजी करणाऱ्यांनी पाणी पिणाऱ्या जिवाचीही करावी, एवढंच.