आजीच्या वह्या आणि दफ्तरातली एक दुरुस्ती

दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा म्हणून आम्ही आधी दफ्तर काढलं. जमाखर्चाच्या वह्या, भिशीच्या याद्या, विणेकरी-चोपदारांची नावं. त्यात चालणारी माणसं सगळी सापडली. घरी राहिलेली मात्र सापडली नाहीत. ती सापडली माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आमच्या आजीच्या वह्यांत.

आजी मराठी चौथी शिकलेली. 1958 पासून जवळजवळ तीस वर्षं पोरांच्या वह्यांतल्या उरलेल्या पानांवर ती रोज दोन-चार ओळी लिहायची. नवे पैसे 1957 सालीच आले होते, पण तिचा हिशोब पुढं कितीतरी वर्षं आण्यातच. तारखेपेक्षा तिथी तिला जवळची. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचं प्रस्थान. तिथपासून आषाढीपर्यंतची पानं आम्ही सगळ्यात आधी चाळली. वारीचं काही मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते असं : "हे काल निघाले. वाफसा आला. पाभरीला धाकटे भावजी, चाड्यावर मी." दुसऱ्या साली : "म्हैस व्याली. थोरलीला गोवर. आज पालखी वाल्ह्यात असेल."

ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ऐन पेरणी. आबा दिंडीचे हिशोबनीस, त्यांची वारी कधी चुकली नाही. ती का चुकली नाही, हे या वह्या सांगतात. घरातलं एक माणूस वाटेला लागलं की बाकीच्यांच्या वाट्याला त्याचंही काम येतं. पोरांची दुखणी, वैरण, पाण्याच्या खेपा हे सगळं तिथं तिथीवार लिहिलेलं आहे.

1973 सालच्या पानांवर मात्र आम्ही थांबलो. आदल्या वर्षी पाऊस गेला होता. गावोगाव खडी फोडण्याची आणि बंडिंगची कामं निघाली होती, रेशनवर लाल मिलो मिळत होता. आजीही खडीवर जायची. पोरांना सुकडी मिळाली की तेवढंच लिहायची. अशात दिंडीचा शिधा कुठून जमणार? आमच्या दफ्तरात त्या साली एकच मोठी रक्कम जमा आहे : "शिध्यासाठी अडीचशे रुपये, एक भाविक." अक्षर आबांचं.

आजीच्या वहीत त्याच आठवड्यात लिहिलंय : "यंदा दिंडी मोडायची म्हणतात. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. पाटल्या काढून दिल्या. गहाण." आणि दुसऱ्या दिवशी : "पाटल्या बियाण्यासाठी ठेवल्या होत्या. ह्यांनी विचारलं नाही. राग आला. लिहून ठेवते." चार दिवसांनी भावाकडून दोन पायल्या बाजरी उसनी आणल्याची नोंद आहे. पेरणी त्याच बाजरीवर झाली.

1976 च्या वहीत एवढंच आहे : "एक पाटली सुटली." दुसरी व्याजात गेली. आम्ही लहानपणापासून आजीच्या एकाच हातात पाटली पाहिली. विचारलं की म्हणायची, "दुसरी चंद्रभागेत गेली." आम्हाला ते खरंच वाटायचं.

तिची स्वतःची पायी वारी झाली ती एकदाच, 1981 साली, सुना हाताशी आल्यावर. त्यातही एका मुक्कामाला लिहिते : "पाय सुजले. घरी म्हशीची धार कोण काढत असेल?"

या ग्रंथातल्या देणगीदारांच्या यादीत 1973 पुढं 'एक भाविक' हे शब्द आम्ही तसेच ठेवले आहेत, कारण ते आबांनी लिहिलेत. त्याखाली आजीचं नाव घातलं आहे, कारण ते राहिलं होतं. आपल्याही घरात अशी एखादी वही असेल. दिंडीची वही आहेच, तिच्याशेजारी ठेवून ती एकदा वाचावी, एवढीच विनंती.

रामकृष्ण हरि.