दोघांची बैठक

मराठवाड्यात सेवेस असताना कळमनुरीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रातून ते नुकतेच परतले होते. निघताना त्यांना बजावले होते : नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा. त्यांनी विचारले, “फादर, ही मीटिंग आमच्याकडे कुठे भरते?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. सवयीने मी त्यांना वेदीपुढे शपथ घ्यायला सुचविले. ते नम्रपणे म्हणाले, “शपथा पुष्कळ झाल्या, फादर.”

शपथेची परंपरा आपल्या ख्रिस्तसभेत जुनी आहे. आयर्लंडमधील कॉर्क शहरी कॅपुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी 1838 मध्ये मद्यत्यागाची चळवळ हाती घेतली आणि लक्षावधी लोकांनी त्यांच्यासमोर प्रतिज्ञा केली. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट याने 1884 मध्ये तीन महिन्यांपुरती घेतलेली प्रतिज्ञा पुढे 1925 मध्ये मरेपर्यंत पाळली. 1975 मध्ये तो ‘आदरणीय’ ठरला. आम्ही धर्मगुरूंनी मात्र या अपवादाचाच नियम केला. उपवासकाळातील शपथ ईस्टरला मोडली, की माणसाच्या दुबळ्या इच्छाशक्तीला दोष देऊन आम्ही मोकळे होत असू.

मीटिंगचा उगम शपथेत नाही, शोधात आहे. मे 1935. अमेरिकेतील ॲक्रन गावच्या हॉटेलात न्यूयॉर्कचा बिल विल्सन एकटा उभा होता. व्यवहार फिसकटलेला, दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले, समोर हॉटेलचा बार. त्याने बारऐवजी चर्चच्या यादीशेजारचा टेलिफोन गाठला आणि वॉल्टर टंक्स या एपिस्कोपल धर्मगुरूंना विचारले : बोलायला एखादा दारुडा मिळेल का? प्रश्न विलक्षण होता, पण धर्मगुरूंनी फोन आपटला नाही. काही नावे दिली. त्यांतून हेन्रिएटा साइबरलिंग या बाईंचा पत्ता लागला आणि 12 मे रोजी त्यांच्या घरी शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांचा वायदा करून आलेले डॉक्टर सहा तासांहून अधिक वेळ बसले. पूर्वी त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. हा माणूस मात्र स्वतःचीच कहाणी सांगत होता. 10 जून 1935 रोजी डॉक्टरांनी अखेरचा प्याला घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो.

आरंभीची ही मंडळी ऑक्सफर्ड ग्रुप या प्रॉटेस्टंट वळणाच्या चळवळीत बसत. तेथे सर्वांसमोर पापे सांगण्याची रीत होती. म्हणून क्लीव्हलँडच्या कॅथलिक सदस्यांना त्यांच्या धर्मगुरूंचा विरोध झाला. तेव्हा मे 1939 मध्ये तेथील मंडळींनी वेगळी बैठक सुरू केली आणि नुकत्याच निघालेल्या पुस्तकाचे नाव तिला दिले. मनाई करणारे आम्ही, आणि त्या मनाईतून दार उघडले ते सर्व पंथांना!

त्याच वर्षी ॲक्रनच्या संत थॉमस रुग्णालयात धर्मभगिनी इग्नेशिया यांनी जठरदाहाचे निदान लिहून एका मद्यपीला दाखल करून घेतले. मद्यपींना तेव्हा रुग्णालयात कोण घेणार? जागा मिळाली ती फुले ठेवण्याच्या खोलीत. पुढे घरी जाणाऱ्या प्रत्येकाला सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचे पदक देत, मात्र एका अटीवर : पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हे परत आणून द्यायचे. 1940 च्या अखेरीस येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग बिल विल्सनला भेटले. बारा पायऱ्यांचे संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेशी असलेले नाते त्यांनीच दाखवून दिले. बिलला त्या साधनेची काहीच माहिती नव्हती.

भारतात ही बैठक रुजली 1957 मध्ये, मुंबईत. परवान्यावाचून पिणे हा तेव्हा त्या राज्यात गुन्हा होता. मीटिंगला येणे म्हणजे एका परीने गुन्ह्याचीच कबुली. म्हणूनही असेल, निनावीपणाचे मोल तेथे अधिक वाटले असावे. 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी ‘कृपा’ सुरू केली. स्वतःची मद्यासक्ती त्यांनी उघडपणे सांगितली, हे मला त्यांच्या 2009 च्या पद्मश्रीहून मोठे वाटते. 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तेथे पत्नींसाठीही ‘सहचरी’ हा गट आहे. नवऱ्याची बाटली लपविण्यात आयुष्य घालविलेल्या आपल्या किती भगिनींना ठाऊक आहे, की 1951 पासून ‘अल-ॲनन’ या नावाने कुटुंबीयांच्याही बैठका भरतात?

हे सारे मुंबई-पुण्याचे झाले. कळमनुरीहून हिंगोली वीसेक किलोमीटर. मजुरी बुडवून तेथवर एस. टी.ने रोज कोण जाणार? परंतु संघटनेच्या परंपरांतच याची सोय आहे. दारू सोडण्याची इच्छा असलेले दोघे-तिघे एकत्र आले की गट झाला. त्याला ना फी, ना इमारत, ना बाहेरची देणगी. चर्चच्या हॉलमध्ये बैठक भरली तरी ती चर्चची होत नाही, हे आमच्या पॅरिश कौन्सिलांना जड जाते खरे.

हे मी त्या गृहस्थांना पत्राने कळविले. काही महिन्यांनी त्यांचे उत्तर आले. चहाची गाडी लावणारा एक जण मिळाला आहे. आठवडी बाजार उठला की गाडीमागच्या बाकावर दोघेच बसतात. मागच्या खेपेला तो आला नाही, म्हणून हे त्याच्या घरी गेले होते.